बाबांच्या बोटांना येणाऱ्या मुंग्या

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा शेजारीच होते आणि आई, तू दबक्या आवाजात बोलत होतीस. म्हणून हे पत्र दोघांनाही लिहितेय. यात बाबांपासून लपवावं असं काही नाही.

बाबा, ईसीजी आणि टूडी इको दोन्ही नीट आले, थायरॉइडही ठीक आहे. तरी डॉक्टरांनी पॅनिक अटॅक म्हटलं तेव्हा तुमचा चेहरा उतरला, असं आई सांगत होती. आपलं मन दुबळं झालं असं वाटून घेऊ नका. रात्री तुम्हाला जे होतं ते खरंच होतं. समोर धोका नसताना मेंदू धोक्याचा इशारा देतो, रक्तात ॲड्रिनलिन उतरतं, छाती धडधडते, धाप लागते. तुम्ही सगळ्यात जास्त घाबरता ते बोटांच्या मुंग्यांना. जन्मभर ज्या बोटांनी सुई ओवली ती बधिर झाली, की अर्धांगवायूच मनात येणार. पण भराभर श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. श्वास संथ झाला की त्या जातात. अटॅकचा जोरही बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत शिगेला पोचून ओसरायला लागतो. तेवढा वेळ निभावून न्यायचा आहे.

त्यासाठी समुपदेशक एक साधी रीत शिकवतात. दिसणाऱ्या 5 गोष्टी, हाताला लागणाऱ्या 4, ऐकू येणाऱ्या 3, वास येणाऱ्या 2 आणि चवीची 1, अशा एकेक ओळखून नावानिशी सांगायच्या. मन पुढच्या संकटाच्या विचारात धावत असतं, त्याला आत्ताच्या खोलीत परत आणायचं, एवढाच त्यातला हेतू. आकडे चुकले तरी काही बिघडत नाही.

तुमच्यासाठी मी यात थोडा बदल सुचवते. त्रास होतो रात्री, अंधारात दिसणार काय? तुम्ही हातापासूनच सुरुवात करा. अंगावर आईने शिवलेली गोधडी असतेच, आणि ती तुमच्याच दुकानातल्या कातरणांची आहे. बोटं फिरवा आणि कापड ओळखा. हे पॉपलिन, गुळगुळीत. हे टेरीकॉट, धुऊन धुऊनही न मऊ झालेलं. ही कॉर्डरॉयची पट्टी, उभ्या रेघा नखाला लागतात. हा खणाचा तुकडा, काठाशी जाड. मध्ये आईचा धावदोरा लागेल, त्याचे टाके मोजत पुढे सरका. गिऱ्हाइकाने आणलेलं कापड तुम्ही नुसतं चिमटीत धरून सांगायचात, धुतल्यावर किती आटेल ते. तुमच्या बोटांना हे काम शिकवावं लागणार नाही. नावं मात्र तोंडाने मोठ्याने घ्या, त्याने श्वासही आपोआप लांबतो.

वासासाठी उशाशी तुमचा शिवणाचा डबा ठेवा, त्यातल्या चिंधीला मशीनच्या तेलाचा वास अजून असेल. वासाची वर्दी मेंदूतल्या भावनांच्या आणि आठवणींच्या भागाकडे फार थेट जाते, म्हणून ओळखीचा वास लवकर आधार देतो. श्वास जरा बसला की आमसुलाचा तुकडा जिभेवर ठेवा. धाप लागलेली असताना नको, ठसका लागेल.

आई, आता तुझ्यासाठी. "काही होत नाही, उगाच घाबरताय" असं म्हणून त्या वेळी उपयोग होत नाही, समजुतीच्या गोष्टी कानाआड जातात. "मोठा श्वास घ्या" असंही नको, त्याने धाप वाढते. श्वास हळूहळू सोडायला सांग, घेतल्यापेक्षा जास्त वेळ. आणि त्यांचा हात गोधडीवर ठेवून नुसतं विचार, "हे कापड कुठलं?" एवढंच. ते उत्तर देतील तोवर थांब. आणि दुपारी, बरं वाटत असताना, दोघं मिळून याची सवय करा. ऐन वेळी नवीन काही सुचत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, बोलणं जड झालं, किंवा छातीत दाबल्यासारखं दुखून दरदरून घाम आला, तर गोधडी बाजूला आणि लगेच 108. पॅनिकच असेल असं घरी ठरवायचं नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळीही मनाने बंद करू नका. ही रीत लाट ओसरेपर्यंत धरून ठेवते, पण मुळात भीती का बसली ते बोलूनच सुटेल. बाबा, माझ्याशी बोलायला अवघड वाटत असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा.

मला तर वाटतं, दुकान बंद केल्यापासून तुमच्या हातांना काम उरलं नाही, हेही यामागे असावं. माझ्याकडे दोन ब्लाउजपीस पडून आहेत. येताना आणते, शिवून द्याल का? पुढच्या तपासणीची तारीख कळली की आई, लगेच कळव. मी रजा टाकून येते, दवाखान्यात आपण तिघं जाऊ.

तुमची,
बेबी