न्हाणीघरात टाइल्स लावण्याआधी

मडगाव

प्रिय उल्हास,

नकाशा मिळाला. टाइल्सचा रंग तू आणि वहिनी ठरवा. मला काळजी आहे ती टाइल्सच्या मागे काय गाडलं जाणार याची.

आधी शॉवर. तू निवडलेल्या रेन शॉवरच्या बॉक्सवर किमान दाब छापलेला असेल, तो वाच. गच्चीवरच्या टाकीचा दाब उंचीवर ठरतो: १० मीटरला साधारण १ बार. एकमजली घरात टाकी शॉवरच्या जेमतेम दोन-अडीच मीटर वर असते, म्हणजे पाव बार. एवढ्यावर १२ इंची शॉवरमधून पाऊस कसला, पागोळ्या पडतील. टाकीखालून १ इंची लाईन घे, न्हाणीपर्यंत पाऊण इंची आण, अर्धा इंची फक्त शेवटच्या पॉइंटला. त्याने धार सुधारेल, पण मूळ दाब तेवढाच राहील. तो वाढवायचाच असेल तर प्रेशर पंप टाकीनंतर बसव, सरकारी नळावर थेट मुळीच नको. फोंड्याला ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी. पावसात गढूळ आलं तर डायव्हर्टरच्या (गरम-थंड पाणी मिसळून शॉवर किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत गाडायचा व्हॉल्व्ह) कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात, रेती अडकते आणि नळ बंद करूनही ठिबकत राहतो. म्हणून पंपाआधी वाय-स्ट्रेनर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी हवी, तीही हात पोचेल अशा जागी.

पाइप थंड-गरम दोन्हीला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), एसडीआर ११, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट. पाइप काटकोनात कापून कड घासायची आणि कोरडा बसवून बघायचा. सॉकेटच्या एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांशावर अडकला की माप बरोबर. जोडायचं सोल्युशन सीपीव्हीसीचंच. पाइपला भरपूर, सॉकेटला पातळ, पाव वळसा देत आत ढकलून अर्धा मिनिट दाबून धरायचं. सॉकेटमध्ये जास्त ओतलं तर ते आत साचून वाट अडवतं. नळाच्या पॉइंटला पितळी आट्यांचाच अडॅप्टर घे. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ जोर लावून पिळला की बारीक चीर जाते, आणि ती लगेच दिसत नाही.

तुझी भिंत चिऱ्याची. छिन्नीचे घाव बसले की चिरा ढासळतो, जुन्या मातीचे सांधे सुटतात. मेस्ताला (गवंड्याला) कटरने दोन रेघा मारून मधलाच भाग काढायला सांग, आणि आडव्या लांब खाचा टाळ.

डायव्हर्टरची खोली हा खरा घोळाचा भाग. बॉडीवरच्या प्लास्टिक कव्हरवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंमध्ये यायला हवा. प्लास्टर १२ मिलिमीटर, चिकटवायचा थर ४, टाइल ९, म्हणजे उघड्या चिऱ्यापासून पंचवीस. प्लंबर कच्च्या भिंतीवरून अंदाज घेतो आणि बॉडी आत बुडते. मग एक्स्टेन्शन शोधत फिरायचं. बाहेरून बसणारा वॉल मिक्सर घेतलास तर दोन पॉइंटमध्ये मध्य ते मध्य १५० मिलिमीटर, गरम डावीकडे, दोन्ही लेव्हल ट्यूबने एका रेषेत.

गीझरच्या थंड बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये कोणताही कॉक नको. चुकून बंद राहिला तर वाढलेला दाब बाहेर पडायला वाटच उरत नाही. अँगल कॉक हवा तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या अलीकडे. पाणी तापताना तिथून थोडं ठिबकलं तर तो बिघाड नव्हे. फक्त ते न्हाणीत उतरेल अशी नळी लाव.

शेवटच्या जोडानंतर २४ तास थांबा. मग सगळ्या पॉइंटना प्लग, गरम-थंड लाईन मिक्सरजवळ नळीने एकमेकींना जोडलेल्या, वरच्या पॉइंटमधून हवा काढून टाकलेली, आणि हातपंपाने ७ किलो, म्हणजे साधारण ७ बार दाब. दोन तास पंपावरच्या दाबमापकाचा काटा हलता कामा नये. हवा राहिली तर काटा उगाच उतरतो आणि गळती नसताना जोड फोडले जातात. टाइल्स लागेपर्यंत लाईन दाबाखालीच ठेव, म्हणजे कोणी खिळा मारला तर त्याच दिवशी कळेल. गणेश चवथीची घाई म्हणून प्लंबर ही तपासणी टाळू पाहील. त्याचे शेवटचे पैसे काटा बघूनच दे.

खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप धरून काढ, आणि टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंतची उंची मोजून कळव. पंप किती ताकदीचा घ्यायचा ते त्यावरून सांगतो.

तुझा,
सदानंद