मंगल कार्यालयात मेटल वाजू द्या

संपादक महोदय,

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मध्यंतरी एका गृहस्थांनी लिहिलं होतं की आपल्या जिल्ह्यातली पोरं गोव्यात जाऊन मेटल नावाच्या सैतानी संगीतावर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या दणदणीत रॉकवर, उड्या मारतात आणि याला कुणीतरी आळा घालावा. ते स्वतः अशा कार्यक्रमाला गेले होते का, हे पत्रावरून कळलं नाही. मी गेलो होतो. माझा साउंड सर्व्हिसचा धंदा आहे. दशावतार, डबलबारी, लग्न, बारसं, निवडणुकीची सभा, कुणाचाही आवाज मोठा करून देणं हेच माझं पोट. तेव्हा मोठ्या आवाजाबद्दल दोन शब्द बोललो तर चालावं.

माझा भाचा ड्रम वाजवतो. दिवसा एमआयडीसीत पाळी, सुट्टीच्या दिवशी काजूच्या बंद पडलेल्या शेडमध्ये सराव. गिटारवाले दोघे वेंगुर्ल्याचे, गाणारा सावंतवाडीचा. गोव्यात बार्देशातल्या एका लहानशा क्लबात त्यांना वाजवायला मिळालं आणि सामानासाठी टेम्पो हवा म्हणून मामाची आठवण झाली. बांदा सोडून पत्रादेवीवरून आम्ही म्हापशाच्या अंगाला उतरलो.

क्लब म्हणजे एक खोलीच. दीडशे माणसं उभी राहिली तर हात हलवायला जागा नाही. खुर्ची एकही नाही. पण दाराला दोन दारं, मध्ये हातभर बोळ, म्हणजे एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. भिंतींवर कापडात बांधलेले रॉकवुलचे, म्हणजे आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे, तक्ते, आणि कोपऱ्यांत ते थेट छतापर्यंत, कारण बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, साचतो तो कोपऱ्यात. आपल्याकडे सभागृह बांधताना झुंबराला पैसे निघतात, कोपऱ्याला निघत नाहीत. मी बराच वेळ भिंतीच बघत होतो. भाच्याने हातावर दोन बुचं ठेवली. “मामानू, ह्यां आधी कानात घाला, मगे काय ता बोला.” दारावरही एका वाटीत तशीच बुचं ठेवली होती, ज्याला हवी त्याने उचलावी, फुकट.

आता वाजवण्याबद्दल. पहिल्या बँडचा गायक माइकची जाळी मुठीत धरून गात होता. असं केलं की माइक शिट्टी मारतो आणि शब्दांचा चिखल होतो. दशावतारात राक्षसाचा प्रवेश झाला की माझा हात आपोआप फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची दांडी, खाली ओढतो; तिथल्या मिक्सरवरच्या पोरीचाही हात तसाच चालला होता, मला बरं वाटलं. छोट्या खोलीत स्नेअरला, म्हणजे ड्रममधल्या ताशासारख्या कडक वाजणाऱ्या ढोलाला, माइक लागत नाही, ती कातडी नुसतीच कानफटात मारते. त्या पोरीने लावला होता, मग दुसऱ्या गाण्यात काढला. गिटारवर नॉइझ गेट, म्हणजे उजव्या तळव्याने तार दाबून तोडली की मागची घरघरही तिथेच कापली जाते. ठोका, शांतता, ठोका. ही मधली शांतता जो बँड पाळू शकत नाही त्याचा नुसता गोंगाट होतो, आणि तिसऱ्या बँडचा झालाच. आमच्या पोरांचा झाला नाही. दशावतारातला पेटीवाला पायाने भाता मारून हाताने सूर धरतो. भाचा दोन्ही पायांनी एकाच ढोलावर दोन हातोडे चालवतो, आणि वर हात वेगळंच काही बोलत असतात. मामा म्हणून सांगत नाही, लय कुठे सुटली नाही.

शब्द मात्र मला एक कळला नाही. मेटलचे गायक गुरगुरत गातात, पण ते गुरगुरणं घसा फाडून केलेलं नसतं, एवढं त्या सावंतवाडीच्या पोराने समजावलं. स्वरतंतूंच्या वरच्या अंगाला ज्या जादा घड्या असतात त्या थरथरवायच्या आणि जोर पोटातून आणायचा. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलला. आमचे काही निवेदक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बोलू शकत नाहीत.

सैतानाचा मुद्दा राहिलाच. युरोपात सा आणि तीव्र मध्यमाच्या जोडीला ‘संगीतातला सैतान’ म्हणत. मेटलवाल्यांनी तीच जोडी मुद्दाम उचलली. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम तिन्हीसांजेला यमनात ऐकून लोक डोळे मिटून घेतात. आणि ज्याच्या गिटारपासून हे सगळं सुरू झालं असं मानतात, तो बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यातला कामगार होता. सतराव्या वर्षी मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं लावलं, आणि पुढे १९७१ च्या सुमारास तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या, सैल तार दाबायला सोपी म्हणून. गिटारची जाड तार अशी उतरवली की ती पेटीवर काळी एकला येते. पुष्कळ पुरुष गायक गातात ती पट्टी. ज्या जिल्ह्यातल्या घराघरातून माणूस मुंबईच्या गिरणीत गेला, त्या जिल्ह्याला कामगाराच्या कापलेल्या बोटांतून निघालेला आवाज परका वाटू नये.

उड्या मारतात हे खरं. मध्ये मोकळं रिंगण करतात आणि एकमेकांवर आदळतात. एक जण पडला तर चार हातांनी उचलला. कुणाचा तरी चष्मा सापडला, तो उंच धरून एक पोरगा मालक येईपर्यंत तसाच उभा राहिला. बिअर होतीच, महागही होती. मारामारी दिसली नाही.

माझ्या आवाज मोजायच्या मीटरवर आत आकडा शंभरीच्या आसपास खेळत होता, मधूनच वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि कानातली बुचं, विश्रांतीचा शांत कोपराही. म्हणजे त्या क्लबानेही फेडर थोडा खाली घेतला असता तर बरं. मग मी दोन्ही दारं ओलांडून रस्त्यावर आलो. तिथे आकडा पन्नाशीच्या आत-बाहेर, आणि त्यातला बराच वाटा रातकिड्यांचा. दहाच्या आत सगळं आटपलंसुद्धा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरच्या लाउडस्पीकरला बंदी आहे. बंदिस्त सभागृहाच्या आत वाजवायला तशी बंदी नाही, बाहेर किती ऐकू येतं ते मात्र पाळावं लागतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी. आमच्या धंद्यातले लोक रस्त्यावर चौकात जे लावतात त्याच्यापुढे तो क्लब म्हणजे देवघर. मीही तसे बेसचे स्पीकर भाड्याने देतो, नाकारत नाही.

माझं म्हणणं एवढंच की या पोरांना हद्द ओलांडायला लागू नये. मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे, कुडाळ-सावंतवाडीला सभागृहं आहेत, पण ती खुर्च्यांची, नाटकांची. दीडशे उभ्या माणसांसाठी ती मोठीही आणि महागही. दुसरीकडे मंगल कार्यालयं चातुर्मासात ओस पडलेली असतात. मुहूर्त नाही, जेवणावळी नाहीत, मालक वीजबिल भरत बसतात. स्लॅबचं एखादं कार्यालय निवडावं. पत्र्याचं असेल तर नाद सोडावा, कारण बँडचा आवाज आत राहणार नाही आणि आषाढाचा बाहेर राहणार नाही. टाइल्सच्या भिंतींवर जाड पडदे, कोपऱ्यांत रॉकवुल, दाराला दुसरं दार, चांगलं अर्थिंग. खर्च झुंबरापेक्षा कमी. पावसात माझाही धंदा बसलेला असतो, त्यामुळे यात माझा स्वार्थ आहे, हे पत्र वाचणाऱ्यांनी धरूनच चालावं.

कुणी कार्यालय-मालक तयार असेल तर त्याने आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे कळवावं, माझा पत्ता आपल्याकडे आहे. पहिल्या कार्यक्रमाला टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर), दोन बेस आणि मिक्सर मी भाड्याशिवाय आणीन; डिझेल आणि माझ्या दोन पोरांचं जेवण तेवढं बघावं. स्नेअरला माइक लावणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक साउंडवाला, कुडाळ
(नाव छापू नये, ही विनंती)