नऊ तेहेतीस

लंडन, 22 मार्च

तीर्थरूप आप्पा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही आणि आई गडहिंग्लजला दादाकडं पोचलात, कळलं. बेळगावच्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडं दिलीय ना? तुळस वाळवू नका.

आज ड्यूटी संपल्यावर मुद्दाम वेस्टमिन्स्टर पुलावरून चालत आले. 2017 साली याच तारखेला एकानं इथं माणसांच्या अंगावर गाडी घातली आणि पुढं पार्लमेंटच्या फाटकात शिरून पोलिसाला चाकूनं भोसकलं. पुलावरची चार माणसं आणि तो पोलीस, पाच जीव गेले. दीड मिनिटसुद्धा लागलं नाही. मी तेव्हा इथं नवीनच आले होते. रात्री तुमचा फोन आला. मी बरी आहे एवढं ऐकलंत आणि लगेच विचारलंत, "त्या पोलिसाजवळ हत्यार होतं काय गं?"

नव्हतं, आप्पा. कीथ पामर, वय 48. आधी सैन्यात, तोफखान्यात, मग 15 वर्षं पोलिसात. त्याची जखम दाबून धरून बसला होता टोबियास एलवुड नावाचा मंत्री. त्याचा सख्खा भाऊ 2002 च्या बालीतल्या स्फोटात गेलेला. काय वाटलं असेल त्या माणसाला!

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं आणि सगळे खासदार एक मिनिट उभे राहिले, बरोबर 9 वाजून 33 मिनिटांनी. तीच वेळ का, तर पामरच्या खांद्यावरचा नंबर 933.

हे कळलं तेव्हा मला आधी तुम्हीच आठवलात. पोलीस ठाण्यात तुम्हाला नावानं कोण हाक मारायचं? आई तरी कुठं कमी! चिडली की म्हणायची, "अकराशे सत्तेचाळीस, ताट वाढलंय."

त्याच दिवशी जेम्स क्लेव्हर्ली हे खासदार सभागृहात बोलताना गदगदले. पामर आणि ते एकाच रेजिमेंटमधले, 25 वर्षांची ओळख. त्याचा मरणोत्तर सन्मान व्हावा, असं त्यांनी पंतप्रधानांना विचारलं. त्याच वर्षी जॉर्ज मेडल हे शौर्यपदक जाहीर झालं. सगळं रीतसर झालं. पण 2018 मध्ये न्यायालयीन चौकशीत निघालं की फाटकाजवळ बंदूकधारी पोलीस असते, तर कदाचित तो वाचला असता. म्हणजे तुम्ही फोनवर विचारलेलंच. ते बेळगावात बसून सुचायला असल्या गेटवर उभं राहिलेला माणूसच पाहिजे.

डिसेंबरात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन बेळगावात भरलं की हलग्याला सुवर्णसौधच्या बंदोबस्ताला जायचात, हातात काठी, कानाला मफलर. एकीकडून शेतकऱ्यांचा मोर्चा, दुसरीकडून आपलीच मराठी पोरं घोषणा देत यायची. तुम्ही मधे. घरी आल्यावर त्यावर एक अक्षर नाही. फक्त 13 डिसेंबर आला की केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या कमलेश कुमारीचं सांगायचात. 2001 ला संसदेच्या गेटवर अतिरेक्यांची गाडी तिनं ओळखली, हातात नुसता वॉकीटॉकी. तिला अशोकचक्र मिळालं आणि खासदार दर वर्षी फुलं वाहतात, हे सांगून तुम्ही गप्प बसायचात. मी कधी पुढं विचारलं नाही. आता विचारते. गेटवर उभं असताना भीती वाटायची का?

आणि तुमचा तो नंबरचा पितळी बिल्ला बेळगावच्या ट्रंकेत आहे की दादाकडं? सापडला तर फोटो पाठवायला सांगा. आईला माझा नमस्कार. गुडघ्याला तेल लावा.

तुमची,
माई