टॉरेंटचा फुकट माल आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात दुकानात एक तरुण आला. आमच्याच धंद्यातला, ओगलेवाडीला नवीन डीटीपी टाकलंय म्हणाला. "ताई, फॉन्टचं क्रॅक आहे का तुमच्याकडं? नसलं तर टॉरेंटवरनं उतरवतो." क्रॅक म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, आणि टॉरेंट म्हणजे अनोळखी लोकांच्या मशीनवरून फाइली उतरवायची पद्धत. त्याला चहा पाजला आणि माझी गोष्ट सांगितली. त्यानं मुकाट ऐकली, पण पटल्यासारखा चेहरा काही दिसला नाही. तेव्हा आता पेपरातूनच सांगते.

कराडला तहसील कचेरीजवळ आमचं टायपिंगचं दुकान आहे. दोन टाइपरायटरवर सुरू झालेलं, आता तीन कॉम्प्युटर आहेत. लग्नपत्रिका, स्मरणिका, प्रतिज्ञापत्रं, शाळांची आयकार्डं अशी कामं असतात. २०१९ च्या दिवाळीत भाच्यानं एका मशीनवर टॉरेंटचा प्रोग्रॅम बसवून दिला. "आत्या, फुकट मिळतंय की, विकत कशाला घेतेस?" मांडणीच्या ज्या सॉफ्टवेअरवर आमचं पोट चालतं त्याची किंमत ऐकून मलाही ते पटलं. चोरीचा माल आहे हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं.

१६ जानेवारी २०२०. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. मी असलं काही मानत नाही, पण तारीख लक्षात राहिली ती त्यामुळं. नवी आवृत्ती उतरली. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल, तर या एका गोष्टीची. दाराची कडी काढून ठेवा असं चोरानं लिहून दिलं आणि मी ती काढली.

थोड्या वेळानं पडद्यावर विंडोज अपडेट होत असल्याची खिडकी आली. आकडा हळूहळू चढत होता. मी म्हटलं होऊ दे, आणि काउंटरवरची गिऱ्हाइकं बघायला गेले. ते अपडेट नव्हतंच. परत आले तर प्रत्येक फाइलीच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट लागलेलं, आणि एकही फाइल उघडेना. जिथं तिथं एकच चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, म्हणजे ४९०. तेव्हाच्या भावानं पस्तीसेक हजार रुपये. सवलतसुद्धा आपल्या सेलसारखीच.

याला रॅन्समवेअर म्हणतात. आमच्याकडं आलं ते स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या घराण्यातलं. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून यायचं, हीच त्याची खासियत. २०१९ च्या ऑगस्टपूर्वीच्या बऱ्याच प्रकारांवर फुकट तोड निघाली होती. आमचा प्रकार त्यानंतरचा.

पैसे दिले नाहीत. स्मरणिकेची ६४ पानं पुन्हा टाइप केली. मुद्रितशोधन करणाऱ्या निवृत्त गुरुजींनी लाल पेनानं तपासलेले प्रूफचे कागद त्यांच्या माळ्यावर निघाले म्हणून जमलं. पत्रिकांचे नमुने लोकांच्या व्हॉट्सअॅपवर होते, ते बघून पुन्हा जुळवले. हे सगळं माझं नुकसान, आणि ते माझ्या कर्मानं झालं.

पण त्या वेळी मशीनला एक पेनड्राइव्ह लावलेला होता. एका शाळेचे क्लार्क आयकार्डांसाठी ठेवून गेले होते. मुलांची नावं, जन्मतारखा, रक्तगट, पालकांचे मोबाइल. तोही कुलूपबंद झाला. त्या माणसाला दोन दिवस वर्गावर्गात फिरून यादी पुन्हा करावी लागली. मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त काम दुसरीकडं दिलं. त्यातही वाईट म्हणजे, या कुलूपवाल्याबरोबर पुष्कळदा पासवर्ड चोरणारा त्याचा जोडीदारही येतो, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर दुकानाचा मेल जुन्याच पासवर्डवर चालू होता, आणि त्या मेलमध्ये अर्ध्या तालुक्याचे आधार आणि पॅन पडलेले.

भाचा अजून म्हणतो, "पण आत्या, टॉरेंट तर शंभर टक्के व्हेरिफाय होतं." होतं ना. फाइलीचे तुकडे अनोळखी लोकांच्या मशीनवरून येतात, आपल्याकडं आलेले तुकडे त्याच वेळी दुसऱ्यांना जातात, आणि प्रत्येक तुकडा जुळतो की नाही हे प्रोग्रॅम काटेकोरपणे तपासतो. पण त्यातून एवढंच कळतं, की मूळ माणसानं जे टाकलं तेच आपल्याला मिळालं. त्यानं विष कालवलं असेल तर ते कणभरही कमी न होता पोचतं. शिवाय त्या घोळक्यात सामील असेपर्यंत आपला आयपी अॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, बाकीच्यांना दिसत राहतो.

टॉरेंटमध्ये निदान आपण वाटायला ठेवलेल्या फाइलीच बाहेर जातात. लाइमवायर, काझा या आधीच्या प्रोग्रॅममध्ये एक आख्खा फोल्डर सगळ्यांना उघडा असायचा. त्यात चुकून घरचे कागद असलेला फोल्डर निवडला की संपलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१० मध्ये शंभराच्या आसपास संस्थांना कळवलं होतं, की तुमच्या गिऱ्हाइकांची आणि नोकरांची माहिती अशा जाळ्यांवर सापडते आहे.

जपानचं उदाहरण तर मला आमच्या गल्लीतलंच वाटतं. तिथं २००२ साली विनी नावाचा असाच प्रोग्रॅम निघाला. पुढच्या वर्षी अँटिनी हा किडा त्यावरून पसरू लागला. तो लोकांच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली परस्पर जाळ्यावर टाकायचा. पोलिसांचे तपासाचे कागद, संरक्षण दलाची माहिती, अणुवीज केंद्रांचे दस्तऐवज बाहेर गेले. कचेऱ्या कुणी फोडल्या नव्हत्या. माणसं कचेरीचं काम घरी नेत होती आणि घरच्या मशीनवर विनी होतं. शेवटी मार्च २००६ मध्ये तेव्हाचे मुख्य कॅबिनेट सचिव शिंझो आबे यांना जनतेला सांगावं लागलं, की विनी वापरू नका. मार्कांच्या याद्या पेनड्राइव्हवर घरी नेणारे आपले शिक्षक आणि त्याच घरात गेम उतरवणारी मुलं डोळ्यांसमोर आणा.

विनी लिहिणारे इसामु कानेको यांना अटक झाली, शिक्षाही झाली, पण २०११ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांची सुटका कायम केली. मला ते योग्य वाटतं. तंत्र वाईट नाही. लिब्रेऑफिस, उबुंटू अशा मोफत गोष्टी त्यांचे कर्तेच टॉरेंटवरूनही देतात. तरी गाफील राहू नये. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंट प्रोग्रॅमच्या अधिकृत वेबसाइटवरच कुणीतरी मॅकसाठीची विषारी प्रत ठेवली होती. ती तीन दिवस गप्प बसायची आणि मग फाइलींना कुलूप घालायची.

आता आमच्याकडं गिऱ्हाइकाचे पेनड्राइव्ह एका वेगळ्या जुन्या मशीनला लावतो, त्याला इंटरनेट नाही. रोज संध्याकाळी सगळ्या कामाची प्रत एका डिस्कवर घेते आणि ती डिस्क काढून घरी नेते, कारण लावून ठेवलेल्या डिस्कलाही कुलूप लागतं. पत्रिका इंकस्केपवर करते, पुस्तकं स्क्रायबसवर. दोन्ही मोफत आणि कायदेशीर. पहिले दोन महिने जीव नकोसा झाला, कळफलकावरची बोटं जुन्याच जागी जायची. ओगलेवाडीच्या त्या मुलाला शिकायचं असेल तर दुपारी दोन ते चार मी मोकळी असते.

आणि तुमच्या वाचकांना एक विनंती. आमच्यासारख्या दुकानात आधारची प्रत काढली, अर्ज भरला, की तुमची फाइल तिथल्या मशीनवर राहते. त्या मशीनवर आणखी काय बसवलंय ते तुम्हाला दिसत नाही. काम झालं की समोर उभं राहून ती पुसायला लावा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. दुकानदार कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात जा.

आपली नम्र,
एक डीटीपी चालक, कराड
(नाव छापू नये ही विनंती)