उजनीच्या वाटेवर शेवाळाचं तळं करून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापुरात माझं अनेक वर्षं मेडिकल होतं. मधुमेहावरची गोळी म्हणून मेटफॉर्मिनच्या किती स्ट्रिप्स दिल्या, याची गणती नाही. ही गोळी शरीरात मोडत नाही, लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनी धरणात येतं आणि उजनीचं पाणी आम्ही पितो. मैलाशुद्धीकरण केंद्रं मैला काढायला बांधलेली आहेत, औषधांचे अंश धरायला नाहीत.

हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र आहे. तिथून सोडलेल्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढं चढत नाही! अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात. शहरी सांडपाण्यात औषधाचं प्रमाण याच्या कितीतरी पट कमी असतं, पण ते रोज येत राहतं.

यावर क्लोरेला, सीनडेस्मस यांसारख्या सूक्ष्म शेवाळांचा उपाय आहे. फूटभर खोलीचं उथळ तळं करायचं आणि पाणी संथपणे फिरवत राहणारं चाक बसवायचं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यावर जिवाणू घाण फस्त करतात. औषधाचा काही अंश शेवाळाला चिकटतो, काही पेशीत शिरून मोडतो. गिधाडांच्या जिवावर उठलं म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक तर उथळ पाण्यात उन्हानेच तुटतं. ऊन सोलापुराएवढं कुठे मिळणार?

मात्र सगळंच निघत नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन बरंचसं जातं. फिटवरचं कार्बामाझेपिन चिवट आहे, ते बहुतांशी तसंच राहतं. जागाही भरपूर लागते. शिवाय काढलेल्या शेवाळात औषध उतरलेलं असू शकतं, म्हणून ते तपासल्याशिवाय खत किंवा पशुखाद्य म्हणून मुळीच देऊ नये.

उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याला हिरवा रंग चढतो, तेव्हा आम्ही नाकाला रुमाल लावतो. शेवाळ तिथे वाढतंच आहे, नको तिथे. ते धरणाच्या वर, एखाद्या केंद्रालगतच्या तळ्यात वाढवून पाहावं. वर्षभर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातली निदान पाच-सहा औषधं मोजावीत आणि आकडे दर महिन्याला वर्तमानपत्रात द्यावेत, एवढी पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांना कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधविक्रेता, सोलापूर