सोने वाढले म्हणून सोने घ्यावे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल २०२५ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांना टेकला, तेव्हापासून आपल्या अर्थविषयक पानावरील वाचकांच्या प्रश्नांचा सूर बदललेला दिसतो. मुदत ठेव मोडून सोने घ्यावे का, चालू एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा घातली जाणारी ठरावीक रक्कम) थांबवून ते पैसे गोल्ड ईटीएफकडे, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणाऱ्या कागदी सोन्याकडे, वळवावेत का, अशा आशयाची विचारणा वाढली आहे आणि उत्तर देणारे तज्ज्ञही गेल्या एक, तीन आणि पाच वर्षांच्या परताव्याचे कोष्टक पुढे ठेवून मोकळे होतात. हाच वाचक २०२१ मध्ये शेअरबद्दल याच उत्साहाने विचारत होता. मी बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी ठेवींच्या काउंटरवर गेली, आणि लोक ठेव मोडायला नेमके कधी येतात हे मी जवळून पाहिले आहे. भाव चढून गेल्यावर ते येतात, आणि घाईत असतात.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. डिसेंबर २००७ मध्ये एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मीही दोन पावत्या मोडून शेअर घेतले होते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत गेला आणि ९ मार्च २००९ रोजी ८,१६० वर बंद झाला. त्या चौदा महिन्यांत मी जे शिकलो त्यातून एक वही सुरू झाली. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारीसाठी असते तसली. २००९ च्या गुढीपाडव्याला तिच्यात पहिल्यांदा चार रकाने आखले : शेअर, रोखे (म्हणजे ठरलेल्या व्याजाने दिलेले पैसे; मुदत ठेवीही मी यातच धरतो), सोने आणि रोकड. तेव्हापासून दर पाडव्याला गुढी उभारून झाली की जेवणाआधी मी ती वही घेऊन बसतो. अशी सतरा पाने आता भरली आहेत.

माझे प्रमाण शेअर ३५, रोखे ३५, सोने १५ आणि रोकड १५ टक्के असे आहे. चारही भाग समान, म्हणजे पंचवीस-पंचवीस टक्के ठेवण्याची एक पद्धत अमेरिकेत चाळीस वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. पण ज्या घरात लग्नामुंजीचे सोने आधीच कपाटात आहे त्या घराने आणखी चौथा हिस्सा सोन्यात घालावा, हे मला पटत नाही. तिशीतल्या मुलाने शेअर साठ टक्के ठेवले तरी हरकत नसावी. प्रमाण कोणते, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. ते एकदा ठरवून लिहून ठेवणे आणि दर वर्षी वही पुन्हा त्या प्रमाणावर आणणे, हे खरे काम आहे. तज्ज्ञ ज्याला पुनर्संतुलन म्हणतात त्याला आमच्या घरी ‘वही सारखी करणे’ म्हणतात.

हे कसे चालते ते २०२० च्या पानावरून सांगतो. आकडे सोयीसाठी वीस लाखांवर आणले आहेत. २०१९ च्या पाडव्याला शेअर ७ लाख, रोखे ७ लाख, सोने ३ लाख आणि रोकड ३ लाख अशी मांडणी होती. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस होता. दोनच दिवसांपूर्वी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, गुढीला साखरेची गाठी मिळाली नव्हती, आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. शेअरचे ५ लाख २० हजार उरले होते. व्याज धरून रोखे साडेसात लाख, सोने ३ लाख ९० हजार आणि रोकड ३ लाख १० हजार झाली होती. बेरीज १९ लाख ७० हजार आली. शेअर चौथ्या हिश्शाहून अधिक घटले असताना एकूण रकमेत घट झाली होती दीड टक्क्याची, आणि ही बेरीज मी तीनदा तपासली.

वही सारखी करायची तर शेअर ६ लाख ८९ हजारांच्या घरात न्यायला हवे होते, म्हणजे सुमारे १ लाख ७० हजारांचे शेअर घ्यायचे होते. त्यांपैकी साधारण ९५ हजार सोन्यातून, ६० हजार रोख्यांच्या व्याजातून आणि मुदत संपलेल्या एका ठेवीतून, तर उरलेले १५ हजार रोकडीतून काढणे शक्य होते. सराफ बाजाराला कुलूप होते. पण माझे सोने ईटीएफच्या रूपात डीमॅट खात्यात असल्याने ते घरबसल्या विकता आले. तरीही खरे सांगायचे तर त्या दिवशी मी निम्मेच केले. बाजार आणखी पडेल, मग उरलेले घेऊ, असे मनाशी म्हटले, आणि उरलेले निम्मे ऑगस्टमध्ये बऱ्याच चढ्या भावाने घ्यावे लागले. त्या पानाच्या समासात मी स्वतःलाच एक शेरा लिहून ठेवला आहे. तो इथे देण्याजोगा नाही.

शेअर पडतात तेव्हा सोने आपल्याकडे बहुधा टिकते, यामागचे कारण आपल्या पानावर फारसे येत नाही म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो आणि आपण ते रुपयांत घेतो. संकट आले की परदेशी गुंतवणूकदार इथले शेअर विकून डॉलर घेऊन जातात, त्यामुळे रुपया घसरतो आणि डॉलरमधला भाव जागच्या जागी राहिला तरी इथले सोने महागते. जानेवारी २००८ मध्ये चाळिशीच्या आत असलेला डॉलर मार्च २००९ मध्ये पन्नाशीच्या वर गेला होता. एप्रिल २०१३ मध्ये जगभर सोने आपटले, तेव्हाही इथला भाव त्या मानाने कमी उतरला, कारण ऑगस्टपर्यंत रुपया ६८ च्या आसपास गेला आणि आयात शुल्क दहा टक्के झाले. अर्थात शुल्काची ही धार दोन्ही बाजूंनी कापते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले आणि आदल्या आठवड्यात सोने घेतलेल्या माणसाला पुढचे काही दिवस जेवण गोड लागले नसेल. शिवाय मार्च २०२० च्या मध्यावर, सगळ्यांनाच रोख पैसा हवा होता तेव्हा, सोनेही काही दिवस शेअरबरोबर घसरले होते. चौथा, रोकडीचा रकाना ठेवायचा तो अशाच दिवसांसाठी.

सोने कंटाळवाणे असते तेव्हा ते वहीत ठेवणे फार अवघड जाते. २०१२ मध्ये तोळ्याला ३१ हजारांच्या आसपास असलेला भाव २०१८ मध्येही तिथेच घुटमळत होता. (तोळा म्हणजे आता दहा ग्रॅम; आमच्या लहानपणीचा तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा अधिक भरायचा.) नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने सुवर्ण रोख्यांची, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेल्या सरकारी रोख्यांची, पहिली मालिका २,६८४ रुपये प्रतिग्रॅम दराने आणली, त्यावर पावणेतीन टक्के व्याज देऊ केले, आणि आम्ही काउंटरवर अक्षरशः विनवण्या करत होतो तरी ग्राहक अर्ज हातात घेईनात. त्याच मालिकेचे पैसे आठ वर्षांनी ६,१३२ रुपये प्रतिग्रॅम दराने परत मिळाले. ज्यांनी तेव्हा मान फिरवली त्यांतलेच काही जण आता माझ्याकडे सुवर्ण रोखे कुठे मिळतील म्हणून विचारायला येतात. फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवी मालिकाच काढलेली नाही, हे सांगितले की त्यांना ती माझीच चूक वाटते.

दागिन्यांचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या वर्षी मी सौ.च्या पाटल्या आणि मोहनमाळही सोन्याच्या रकान्यात धरल्या होत्या. तिने वही पाहिली आणि म्हणाली, “अहो, विकायचं ठरलं तर या पाटल्या हातातून कोण काढणार आहे, ते आधी लिहा.” मी तो आकडा खोडला. हिशेबानेही तिचेच बरोबर होते. दागिना घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी द्यावा लागतो, मोडताना घट कापली जाते, आणि ज्या सोन्यावर घरातल्या कोणाचा जीव आहे ते वही सारखी करण्याच्या कामी येत नाही.

रोख्यांबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा की तिथे पैसा हलत नाही. दहा वर्षे मुदतीचा, ६ टक्के व्याजाचा शंभर रुपयांचा रोखा हाती असताना बाजारातील दर ७ टक्के झाला, तर मुदतीआधी तो विकणाऱ्याला साधारण ९३ रुपयेच मिळतात, कारण नवा रोखा ७ टक्के देत असताना जुना कोणी पूर्ण किमतीला घेत नाही. मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, तेव्हा दीर्घ मुदतीचे रोखे फंड घेऊन बसलेल्यांना हे अनुभवाने कळले. म्हणून माझ्या रकान्यात ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टाची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे आणि वेगवेगळ्या वर्षी मुदत संपणाऱ्या ठेवी आहेत. दर वर्षी एखादी पावती मोकळी होते आणि तीच वही सारखी करायला उपयोगी पडते. अर्धा-एक टक्का जास्त व्याजाच्या मोहात मात्र मी एकदा सापडलो. आमच्या गावातील एका पतसंस्थेत ठेवलेली रक्कम अडकली आणि चार वर्षांनी तुकड्या-तुकड्यांनी, तीही अपुरी, परत आली. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून, मुद्दल आणि व्याज मिळून, दर ठेवीदारामागे दर बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून पाच-पाच लाखांचा विमा मिळत नाही, हेही नोकरीत असताना मी शेकडो वेळा सांगितले असेल.

रोकडीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. बचत खाते आणि लिक्विड फंड (पैसे चटकन काढता येणारा म्युच्युअल फंड) यांत ती असते, महागाई तिला कुरतडते, आणि मुलगा दर दिवाळीला ‘बाबा, हे पैसे नुसते पडून आहेत’ असे म्हणतो. पडून राहणे हेच तिचे काम आहे.

आता कराचा मुद्दा, कारण वही सारखी करणे फुकट होत नाही. एका वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरच्या विक्रीत वर्षाला सव्वा लाखांपलीकडच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या रोखे फंडांचा नफा, ते कितीही वर्षे ठेवले तरी, उत्पन्नात मिळवून आपल्या टप्प्यानुसार कर भरावा लागतो. त्यामुळे एखादा रकाना ठरलेल्या प्रमाणापासून एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक सरकल्याशिवाय मी विक्री करत नाही. पेन्शनमधून मागे पडणारी रक्कम आणि व्याज जो रकाना खाली गेला असेल त्यात घालतो, आणि बहुतेक वर्षी तेवढ्यावर भागते.

गेल्या वर्षी मात्र भागले नाही. २०२५ च्या गुढीपाडव्याला सोने १८ टक्क्यांवर होते म्हणून हात लावला नाही. दिवाळीच्या पाडव्याला सहज हिशेब केला तर भाव सव्वा लाखाच्या पुढे आणि रकाना २३ टक्क्यांवर गेलेला. चैत्राची वाट न पाहता जास्तीचे युनिट विकले आणि ते पैसे शेअर व रोख्यांत विभागले. त्यानंतरही सोने चढतच राहिले. सकाळच्या फेरीतल्या मित्रांनी माझी भरपूर टिंगल केली, आणि विकलेल्या युनिटांपुरते त्यांचे म्हणणे खरेही आहे. पण आज भाव किती चढेल हे मला कळत असते तर मला वहीची गरजच पडली नसती, आणि २००७ मध्ये पावत्याही मोडल्या नसत्या.

आपल्याकडे एक विनंती आहे. एकट्या सोन्याचा किंवा एकट्या शेअरचा परतावा छापताना त्याच्या शेजारी चारही प्रकारांचे गेल्या पंधरा वर्षांचे, वर्षनिहाय आकडे एकाच कोष्टकात द्यावेत, आणि मांडणी प्रमाणात ठेवली असती तर एकूण रक्कम कशी हलली असती याचा पाचवा रकाना त्याला जोडावा. कोणत्या वर्षी कोण पहिले आणि कोण शेवटचे होते, हे वाचक त्यावर स्वतः बोट फिरवून पाहील. येत्या गुढीपाडव्याच्या अंकासाठी असे कोष्टक करण्याचे ठरल्यास, पडताळणीसाठी माझ्या वहीची सतरा पाने, समासातले शेरे झाकून, मी आनंदाने उपलब्ध करून देईन.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा