मोत्याच्या शुश्रूषेविषयी

मँचेस्टर, १४ मार्च

तीर्थरूप आप्पा व आईस साष्टांग नमस्कार.

आपल्या मोत्या कुत्र्याचं सगळं फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते.

शहाबादी फरशीवर त्याचे मागचे पाय फाकतात, कारण सांधे झिजलेत. जोत्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत गोणपाट अंथरा. झोपायला चार पदरी वाकळ, वर रोज धुता येईल असा जुना पंचा. उठवत नसेल तर पोटाखालून पंचा घालून उचला, पाय धरून ओढू नका. पडूनच राहिला तर दर तीन तासांनी कूस बदला. कोपर आणि खुब्यावरचे केस जाऊन कातडी लाल झाली की तिथंच जखम होणार.

आप्पा, तुमची गुडघ्याची गोळी अर्धी करूनही त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलही नको. डॉक्टर मेलॉक्झिकॅम हे दुखण्यावरचं औषध देतील, ते वजनावर मोजून आणि खाल्ल्यावरच. डांबरासारखी काळी शी झाली तर पुढचा डोस न देता लगेच फोन करा.

सध्या हंगाम आहे म्हणून मुद्दाम लिहिते: द्राक्षं आणि बेदाणे त्याच्यासाठी विष आहेत. तासगावकडं घरोघरी बेदाणा, शेडखाली सांडलेला मालही तो चघळत बसतो. अमुक इतके खाल्ले तर चालतात असं काही नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात, दुसऱ्याची थोड्यांनीही मूत्रपिंडं बंद पडतात. आधी उलट्या होतात, मग दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते. खाल्लेले दिसले की उलटीची वाट न बघता तासाभरात दवाखाना गाठा. आई, शिऱ्याचं पातेलं चाटायला देतेस, त्यातले बेदाणे आठवणीनं काढ.

गाढ झोपेत छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजा. रोज तिसाच्या वर जाऊ लागली तर हृदय किंवा फुप्फुसं बघायला हवीत.

कालनिर्णयवर रोज रात्री खूण करा. खाल्लं का, आपला आपण उठला का, आईच्या हाकेला शेपूट हलली का? दोन गोष्टी जमल्या तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की त्याला इंजेक्शन देऊन कायमचं शांत निजवायला डॉक्टरांना घरी बोलवा. आपल्याला सोडवत नाही म्हणून त्याला कळा सोसायला लावायच्या नाहीत, एवढं माझं ऐका.

खड्डा आधीच काढून ठेवा. काळी माती वाळली की कुदळ लागत नाही, म्हणून पाण्याची पाळी झाल्यावर, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाली, की खणा. चार फूट खोल, विहिरीपासून लांब. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिक नको. माती दाबून वर दगड आणि बाभळीच्या फांद्या ठेवा. इंजेक्शनचं औषध अंगात राहतं, कोल्ह्यानं उकरून खाल्लं तर तोही मरेल.

डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतील, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, लघवी होते, नंतर एखादा आचका येतो. तेव्हा तो काही सोसत नसतो, आई, घाबरू नकोस. दोनेक तासांत अंग ताठरतं, त्याआधी पाय पोटाशी दुमडून घ्या.

त्या वेळी त्याचं डोकं तुझ्या मांडीवर असू दे आणि डाव्या कानामागं खाजव.

तुमची,
माई